गाडीच्या पोटात कोणतं ऑइल?

 

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा आमचा धंदा. तुम्हाला वाटलं असेल, या बाया आज भाकरीबद्दल बोलणार. पण आज आम्ही बोलणार आहोत इंजिन ऑइलबद्दल. हसू नका. भाकरी थापायला आम्ही आईच्या मांडीशी बसून शिकलो, त्याला पैसा लागला नाही. ऑइलचं शिकायला मात्र आम्हाला बेचाळीस हजार रुपये मोजावे लागले. तुम्हाला ते फुकटात मिळावं, म्हणून आज इथं आलोय.

झालं असं. माल सोलापूरला न्यायला रोज भाड्याची गाडी परवडेना, म्हणून गटानं कर्ज काढून एक छोटा डिझेल टेम्पो घेतला. जुनाच होता, पण चांगला. चालवायला आमच्यातल्याच एक वहिनी पुढं आल्या. रीतसर शिकल्या, लायसन काढलं. गावात टेम्पो चालवणारी पहिलीच बाई. पारावर बसणाऱ्यांना बोलायला विषय मिळाला, पण वहिनींनी लक्ष दिलं नाही. सकाळी सहाला गाडी निघायची आणि बाराच्या आत परत यायची.

टेम्पो घेताना आधीच्या मालकानं कागदांची एक पिशवी दिली होती. आरसी, विमा, पीयूसी आम्ही कपाटात जपून ठेवलं. त्याच पिशवीत गाडीचं पुस्तकही होतं. ते कुणी उघडलंच नाही. पुस्तक काय वाचायचं, गाडी तर चालतेय!

ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा गावाजवळच्या एका गॅरेजात गेलो. चांगल्या डब्याची किंमत ऐकून आम्हीच म्हणालो, "दादा, जरा स्वस्तातलं बघा की." त्यांनी उघड्या पिंपातलं सुटं ऑइल काढून भरलं. कोणतं, कशासाठीचं, आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सहाशे रुपये वाचले म्हणून आम्ही खूश. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढची बदली हप्त्याची ओढाताण होती म्हणून दोन महिने लांबवली.

मग उन्हाळा लागला. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात. वहिनी एक दिवस म्हणाल्या, "अगं, समोर एक लाल दिवा मधूनच लुकलुकतोय. झारीसारखं चित्र आहे आणि तिच्या तोंडातनं थेंब गळतोय." गॅरेजात दाखवलं. उत्तर मिळालं, "वायर सैल असंल वहिनी, चालवा बिनधास्त." आम्हीही त्यांनाच म्हटलं, तुम्ही उगीच घाबरता.

आषाढी दहा दिवसांवर आली होती. पंढरपूरच्या वाटेवरच्या दुकानांसाठी कडक भाकरीची वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर गाडीत होती. मोहोळ ओलांडलं, दिवा लागला तो विझलाच नाही. इंजिनातनं खडखड आवाज आला आणि गाडी जागेवर जाम झाली. पुन्हा चालू झालीच नाही.

त्या दिवशी भाड्यानं दुसरी गाडी करून निम्माच माल पोचवता आला. पण त्याहून वाईट पुढं होतं. गावात एकच बोलणं सुरू झालं, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं." गावाचं सोडा, आमच्या बैठकीतही दोघी-तिघी म्हणाल्या, चालवण्यातच काहीतरी चुकलं असणार, गाडी विकून टाकू. वहिनींनी किल्ली सतरंजीवर ठेवली आणि उठून गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

टेम्पो ओढून सोलापुरात एका जुन्या मिस्त्रींकडं नेला. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. चाचांनी इंजिन खोललं आणि आम्हाला जवळ बोलावलं. चेंबरच्या तळाशी ऑइल नव्हतंच म्हणा ना, डांबरासारखा काळा चिखल बसला होता. ऑइल ज्या जाळीतनं वर ओढलं जातं ती जाळी त्या चिखलानं बुजली होती. वर ऑइल पोचत नव्हतं, म्हणून बेअरिंग कोरडं घासून चिकटलं होतं. चाचांनी विचारलं, "ऑइल कोणतं टाकत होता?" आम्ही एकमेकींची तोंडं बघितली. मग ते म्हणाले, "ताई, चालवणारीची चूक नाही. दिवा दिसला तसा तिनं सांगितला. ऐकलं नाही ते तुम्ही आणि गॅरेजवाल्यानं."

आम्ही त्याच संध्याकाळी वहिनींच्या घरी गेलो आणि माफी मागितली. आणि ठरवलं, यापुढं गाडीच्या पोटात काय जातं ते आपण स्वतः वाचायचं. गटातल्या एकीची मुलगी बारावीला आहे. तिनं पुस्तक वाचलं, चाचांनी समजावलं, आम्ही वहीत लिहून घेतलं. तीच वही आज तुमच्यापुढं उघडतोय.

आधी ऑइल करतं काय ते बघू. इंजिनात लोखंडावर लोखंड मिनिटाला हजारो वेळा फिरतं, घासतं. त्या दोन्हींच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून ते झिजत नाहीत. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे ना, तसंच. पण इंजिन ऑइल आणखीही कामं करतं. आतली उष्णता वाहून नेतं, काजळी आणि कचरा धुऊन स्वतःत धरून ठेवतं, पिस्टनभोवतीची फट बुजवतं आणि गंज येऊ देत नाही. म्हणूनच "तेल ते तेल" असं चालत नाही. शिलाई मशीनमध्ये कुणी गोडेतेल घातलंय का? चार दिवस बरं चालतं, मग चिकटा धरून मशीन जाम होतं. दिसायला दोन्ही तेलंच, पण काम वेगळं.

आता डब्यावर काय बघायचं? डब्यावर घोडे, वाघ, वेगात पळणाऱ्या गाड्या असतात. ती चित्रं सोडून द्या. तीन खुणा शोधा.

पहिली खूण आकड्यांची. १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. हे ऑइलच्या दाटपणाचं माप. डब्ल्यू म्हणजे विंटर, म्हणजे थंडी. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, हे आपल्याला माहीत आहे. इंजिन ऑइल तसं गोठून चालत नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल गार असतानाही पटकन वाहतं. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली चेंबरात उतरतं. सकाळी गाडी चालू केली की ते वर पोचेपर्यंतचे क्षणच झिजेचे असतात. म्हणून चालू केल्या केल्या रेस करू नका, थोडा वेळ शांत चालू द्या.

डब्ल्यूच्या नंतरचा आकडा सांगतो की इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती दाट राहतं. आकडा मोठा तर दाटपणा जास्त. आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, मग आपल्या उन्हासाठी सगळ्यात दाटच घेऊ. चाचा म्हणाले, नाही. नव्या इंजिनातल्या फटी आणि ऑइलच्या वाटा बारीक असतात, जास्त दाट ऑइल तिथं वेळेवर पोचत नाही. आणि जास्त पातळ घेतलं तर तापल्यावर थर टिकत नाही. किती उन्हाच्या मुलखात कोणता आकडा, तेही पुस्तकात दिलेलं असतं. तोच घ्यायचा.

दुसरी खूण अक्षरांची, एपीआयच्या पुढं लिहिलेली. इंग्रजी येत नसलं तरी ओळखता येईल अशी युक्ती आमच्यातल्या एका मावशींनी काढली. सापासारखं वळलेलं अक्षर एस, चंद्रकोरीसारखं अक्षर सी. साप म्हणजे पेट्रोलची गाडी, चंद्रकोर म्हणजे डिझेलची. एसएन, एसपी ही पेट्रोलची. सीआय-४, सीके-४ ही डिझेलची. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. डिझेलच्या इंजिनात काजळी फार होते, ती धरून ठेवायची ताकद डिझेलच्या ऑइलमध्ये लागते. काही डब्यांवर दोन्ही अक्षरं असतात. तेव्हा पुस्तकात दिलेलं अक्षर त्यावर आहे का, एवढं जुळवायचं.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ऑइल जळून मागं राख राहते, तिनं ही गाळणी हळूहळू बुजते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल सांगितलेलं असतं, जसं सीके-४. गाळणी बदलायचा खर्च ऐकला तर ऑइल महाग वाटणार नाही.

तिसरी खूण दुचाकीसाठी. तुमच्यातल्या कितीतरी जणी स्कूटीवरून बँकेत, बाजारात, शाळेत जातात. घरात मालकांची किंवा पोराची मोटारसायकल असते. दोन्ही पेट्रोलच्या, म्हणून एकच डबा आणून दोन्हीत ओतायचा मोह होतो. पण गिअरच्या मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच हे बहुधा एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लचच्या चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. ऑइल फार निसरडं असलं तर त्या सटकतात. मग इंजिन नुसतं ओरडतं आणि दोन पोती मागं टाकून चढ आला की गाडी ओढत नाही. म्हणून गिअरच्या गाडीसाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघायचं. बिनगिअरच्या स्कूटीचा क्लच कोरडा, वेगळा असतो, तिच्यासाठी एमबी. एमबीचं ऑइल मोटारसायकलीत नको. चारचाकीच्या डब्यातलं उरलंसुरलंही नको.

शेतात औषध मारायचा पेट्रोलचा पंप असतो, गवत कापायचं मशीन असतं. त्यातली बरीच टू-स्ट्रोक असतात. त्यांना वेगळं ऑइल भरायची जागाच नसते, टूटी नावाचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालतात. किती पेट्रोलला किती ऑइल, हे मशीनवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, अंदाजानं ओतू नका. आणि हे टूटी ऑइल स्कूटीच्या इंजिनात भरू नका.

आता मिनरल, सेमी-सिंथेटिक, सिंथेटिक हे शब्द. सिंथेटिक ऑइल उष्णता जास्त सोसतं आणि महागही असतं. पण आधी आकडा आणि अक्षर जुळलं पाहिजे. न जुळणारं महाग ऑइल हे पैसे घालून केलेलं नुकसान. आमच्या टेम्पोच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० आणि सीआय-४ लिहिलंय. आम्ही तेवढंच घेतो, ना कमी ना जास्त.

ऑइल किती आहे ते कसं बघायचं? सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागी. मोजायची कांडी बाहेर काढा, फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. कांडीवर दोन खुणा असतात, ऑइल त्यांच्या मध्ये हवं. दुचाकी मोठ्या स्टँडवर सरळ उभी करून बघायची. काही दुचाक्यांत कांडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, तेही पुस्तकात असतं. कमी ऑइल वाईट, तसं जास्तही वाईट. जादा ऑइलला फेस येतो, सील गळायला लागतात. बऱ्याच मोटारसायकलींना एक लिटरच्या आतच ऑइल लागतं. डबा लिटरचा आहे म्हणून सगळा रिकामा करायचा नसतो.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं असं लगेच समजू नका. डिझेलच्या गाडीत ते लवकरच काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. पेट्रोलचा वास आला, बोटावर चिखलासारखं लागलं, की मिस्त्रींकडं जायचं.

आणि तो झारीचा लाल दिवा! किल्ली फिरवल्यावर तो लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो, हे बरोबर. पण चालत्या गाडीत लागला तर थांबा. पुढच्या गावापर्यंत नाही, तिथंच कडेला. इंजिन बंद करा, थोड्या वेळानं कांडी बघा. ऑइल कमी असेल तर तेच ऑइल घाला. भरलेलं असूनही दिवा जात नसेल तर गाडी ओढून न्या. ओढायचे हजार-दोन हजार जातील, पण इंजिन वाचेल. दिव्यावर कुणी "वायर सैल असंल" म्हणालं, तर आधी तपासायला लावा.

बदली कधी? पुस्तकात किलोमीटर आणि महिने दोन्ही लिहिलेले असतात. जे आधी येईल ते धरायचं. धुळीच्या रस्त्यावर, ओझ्यानं, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीला ऑइल लवकर बदलावं लागतं. आणि ऑइल फिल्टर पुस्तकात सांगितल्या वेळी नक्की बदला. घाणेरडी गाळणी ठेवून ताजा चहा गाळण्यासारखं आहे ते.

विकत घेताना सीलबंद डबाच घ्या. झाकणाची कडी तुटलेली नको, तारीख आणि बॅच नंबर खोडलेला नको. पक्कं बिल मागा. डबा आपल्या डोळ्यांदेखत उघडायला सांगा. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच भंगारात द्या, नाहीतर त्याच डब्यात भलतंच भरून पुन्हा आपल्याच गावात विकायला येईल.

आणि जुनं जळकं ऑइल? आपल्याकडं ते खांबांना फासतात, कुणी जनावरांच्या जखमेला लावतं, कुणी चूल पेटवायला वापरतं. आम्हीही वापरत होतो. पण त्यात धातूचा चुरा असतो, जळकी घाण असते. ते जनावराच्या जखमेला नको, चुलीत नको, गटारीत आणि विहिरीजवळ तर अजिबात नको. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात धरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, जे गॅरेज ते जमा करून नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्यांना देतं त्याला द्या. हाताला लागलं तर साबणानं धुवा, मगच पिठाला हात लावा.

आता आमचं काय झालं ते सांगतो. इंजिन दुरुस्त झालं, कर्जाचे हप्ते चार महिने ओढत भरले. गाडी विकायचा विषय बंद झाला. हिशोबाच्या वहीचं शेवटचं पान आता गाडीचं आहे. तारीख, किलोमीटर, ऑइलचा आकडा, अक्षर, किती घातलं, बिल कुठं आहे, सगळं लिहितो. दर सोमवारी कांडी बघायची पाळी एकेकीची असते. ज्या मावशींना सही करायला आत्ता आत्ता यायला लागलंय, त्या दुकानात डबा फिरवून म्हणतात, "हा साप आहे, मला चंद्रकोर दाखव." दुकानदार आधी बघत राहतो, मग मुकाट्यानं दुसरा डबा काढतो.

किल्ली वहिनींकडंच आहे. पुढच्या आषाढीला पूर्ण माल त्यांनीच पंढरपूरच्या वाटेवर पोचवला. पारावरचे गप्प बसले का? नाही. पण त्यातल्याच एकानं परवा वहिनींना थांबवून विचारलं, "माझ्या मोटारसायकलीला कोणतं ऑइल टाकू?" वहिनी म्हणाल्या, "पुस्तक आण, वाचून सांगते."

तेव्हा मैत्रिणींनो, आज एवढंच करा. घरातल्या गाडीचं पुस्तक शोधा. नसेल तर त्या कंपनीच्या शोरूममध्ये जाऊन गाडीचं मॉडेल सांगून विचारा. आकडा आणि अक्षर एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी दुकानात "चांगलं ऑइल द्या" म्हणू नका, चिठ्ठी दाखवा.

आमच्या अकरा जणींचा तुम्हा सगळ्यांना नमस्कार. गाड्या नीट चालवा, वेळेवर घरी या.